तरुण दातांची सायकल

आश्विन ९, सोमवार. सकाळी, वारा सुटायच्या आत

आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, पण त्यात अडचण काही नाही. डोकं माझं, हात सुनेचा. ग्यानूला बजावलं आहे, मी बोलेन तसंच लिहायचं, स्वतःची अक्कल घालायची नाही, आणि यातला शब्द बाहेर जाता कामा नये. ती म्हणाली, आई, मग ही वही वाचणार कोण? म्हटलं, कुणी नाही. तीच तर सोय आहे.

निमित्त सांगते. माझी नात निर्जला कार्तिक अकराला कागबेनीहून मुक्तिनाथपर्यंत सायकलची शर्यत चढणार आहे. बायकांत पहिल्या तिघी येतील त्यांना काठमांडूला देशाच्या चमूत घेणार. गेल्या वर्षी झारकोटच्या खालच्या चढावर तिची चेन दातांवरून घसरत राहिली आणि पोर पाचवी आली. घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. निर्जला दोन दिवस गप्प, म्हणजे गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा चपापल्या.

या वर्षी सायकल आधीच सर्विसिंगला टाकायची आहे. जोमसोमला, विमानतळाच्या भिंतीशी दुकान आहे त्या लोकेंद्र पुनकडे. हा माणूस मला पटत नाही. फार हसतो. शिवाय मेकॅनिक असून नखं स्वच्छ. असं कसं?

ठराव: या कामावर माझं लक्ष राहणार. चाळीस वर्षं खेचरांचा तांडा हाकला आहे. शेवटची दोन खेचरं विकून ही सायकल घेतली, म्हणजे ती तांड्यातलीच झाली.

आश्विन ११, बुधवार

निर्जलाबरोबर जीपने जोमसोमला गेले. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, मला मीठ घ्यायचं आहे.

लोकेंद्रने सायकल उलटी टांगली. मग खिशातून लोखंडाची एक पट्टी काढली, एका बाजूला आकडा, दुसऱ्या बाजूला टोक. ती चेनच्या कड्यांत धरली आणि टोक आत पडलं. हसत म्हणाला, बघा आजी, पडलं की नाही? चेन ताणली गेली आहे.

ती पट्टी कुणाची? त्याचीच. म्हणजे आरोप त्याचा, साक्षीदारही त्याचा.

पुढे म्हणाला, नुसती चेन बदलून भागणार नाही. मागच्या चाकाला लहान-मोठ्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा आहे, त्याला कॅसेट म्हणतात, ती गेली. पुढची चकती, पायडलजवळची, तीही गेली. सगळे एकत्र झिजतात, एकत्रच बदलायचे. मी मनात म्हटलं, वा रे वा. सांधा दुखतो म्हणून वैद्याकडे जावं आणि त्याने पाय, कंबर, मान सगळंच नवीन बसवायला काढावं.

मी चष्मा लावला आणि दात स्वतः बघितले. चाळीस वर्षं दुसरं काय केलं? खेचराचा खालचा ओठ उलटला की त्याचं वय माझ्याशी बोलतं. दाताला धार असेल तर जनावर तरुण. वरून घासून सपाट झाला असेल तर म्हातारं. आता हे सायकलचे दात. एकेक असा टोकदार की शिवणकामाला घ्यावा. ही कॅसेट जेमतेम चार वर्षांची असेल, भर जवानीत. आणि हा तिला मोडीत काढायला निघाला आहे!

निर्जलाला डोळ्याने खूण केली. ती म्हणाली, आजी, डोळ्यात काही गेलंय का?

मीठ राहिलंच.

आश्विन १२, गुरुवार

निर्जला पर्यटकांना घेऊन वर लो-मान्थांगला गेली. दहा-बारा दिवस. त्यांच्याच भाड्याच्या सायकलींवर. तिकडे फोन लागत नाही. जाताना म्हणाली, आजी, पार्ट पोखऱ्याहून आले की लोकेंद्रदादा सगळे बसवतील. तू मध्ये पडू नकोस. शपथ घे.

शपथ घेतली.

ठराव: मध्ये पडणार नाही.

आश्विन १३, शुक्रवार

मध्ये पडणं वेगळं आणि बघून येणं वेगळं. बघून आले. पार्ट आले नाहीत. दसैंच्या सणाची गर्दी आहे, बसवाले माणसं आधी भरतात, असं तो म्हणाला. दुकानात बसून त्याचा चहा प्याले. दोन कप. चहा चांगला होता, ते आणखी संशयास्पद.

येताना बमबहादूर भेटला. माझ्या नवऱ्याबरोबर तांड्यावर असायचा. दात ओळखण्यात माझ्यानंतर त्याचाच नंबर, असं मी म्हणते. तो उलटं म्हणतो. त्याला काही सांगितलं नाही. त्याच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही. ग्यानूचं बरं आहे, तिच्याकडे दिलेला शब्द म्हणजे विहिरीत टाकलेला दगड.

आश्विन १९, गुरुवार

आले पार्ट. आणि मी पकडला त्याला!

लोकेंद्रने कागद उलगडून नवी कॅसेट माझ्या हातात दिली. चकाकत होती, मान्य. पण दात? सगळे वरून सपाट. बोथट. थेट पंधरा वर्षांच्या खेचराचे. हे मी ओळखणार नाही? म्हाताऱ्या जनावराचे दात कानशीने घासून, तापल्या तारेने खळगे पाडून तरुण म्हणून विकणारे लोक मी तुकुचेच्या बाजारात बघितले आहेत. एकाला तर नदीपर्यंत पिटाळलं आहे. याने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. नुसतं पॉलिश.

पुढची चकती त्याहून भारी. एक दात जाड, एक बारीक, एक जाड, एक बारीक. मी विचारलं, हे काय? म्हणाला, मुद्दाम असतं आजी, चेन उडू नये म्हणून. मुद्दाम! दोन जनावरांचे दात एका जबड्यात बसवायचे आणि मुद्दाम म्हणायचं.

मग मी शांतपणे म्हटलं, निर्जलाचा निरोप आहे. फक्त चेन नवी घाल. बाकी जुनंच ठेव.

त्याचं हसू गेलं. म्हणाला, आजी, असं नाही चालत. जुन्या चेनबरोबर जुने दात झिजले, म्हणून त्यांचं आपसांत जमतं तरी. नवी चेन त्या दातांवर बसणारच नाही. सपाटीवर कळणार नाही, पण चढावर पोरीने जोर लावला की धाडकन उडेल. तोंडावर पडेल ती. मी म्हटलं, सून नवी आली म्हणून सासू बदलतात का? सासूबरोबरच जमवून घेते ना?

यावर शेजारचा टपरीवालासुद्धा हसला. लोकेंद्रने कॅसेट कागदात गुंडाळली. विचारलं, खरंच निर्जला म्हणाली असं? वरून निरोप आला कसा? मी म्हटलं, माणसाबरोबर.

कुठला माणूस, हे त्याने विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं असलं की तो फार प्रश्न विचारत नाही.

(ग्यानू इथे लिहायची थांबली. म्हणाली, आई, निर्जलाचा निरोप खरंच आला होता? मी म्हटलं, तुझं काम लिहिणं. आला नव्हता, पण तिने दात बघितले असते तर आलाच असता. हेसुद्धा लिही.)

आश्विन २०, शुक्रवार

शपथेचं मनात येतं. पण शपथ मध्ये न पडण्याची होती. मी मध्ये पडले नाही, बाजूने गेले.

ग्यानूने कालचं सगळं वाचून दाखवलं. एक शब्द सुटलेला नाही. हात शहाणा आहे तिचा.

तिला आज अचानक जोमसोमला काम निघालं. सफरचंदं वाळवायची सोडून. संशय आला. संध्याकाळी आली तेव्हा तिच्या पदराला तेलाचा वास. विचारलं, तर म्हणाली, मोमो खाल्ले. एकटीने! मला दोन आणले नाहीत. सुनेच्या मनात काय असतं ते सांगता येत नाही हेच खरं.

आश्विन २३, सोमवार

चष्मा नाहीसा.

देवाजवळ ठेवला होता. सगळं घर शोधलं. बमबहादूर परवा चुलीपाशी बसून गेला होता. त्याचा स्वतःचा चष्मा फुटला आहे. जुळतंय. ग्यानूवर संशय नाही, ती वस्तू जागच्या जागी ठेवणारी बाई.

तिला म्हटलं, बमबहादूरच्या घरी जाऊन गुपचूप बघून ये. ती गेली, लगेच आली. नाही म्हणाली. फार लवकर आली.

आश्विन २५, बुधवार

निर्जला परत आली. तोंड उन्हाने काळं, ओठ फुटलेले. लोकेंद्रने सायकल स्वतः जीपने घरी पोचवली. कधी नव्हे ते! टोपीला हात लावून मला म्हणाला, आजी, तुमचं सगळं बोलणं मी नीट लक्षात ठेवलं आहे. बरोबर जुन्या चेनचं भेंडोळं पिशवीत घालून दिलं. मी विचारलं, आणि ती पॉलिशवाली कॅसेट? तो म्हणाला, ती जिथे जायची तिथे गेली, आजी. म्हणजे पोखऱ्याला परत. बरं झालं.

दात हाताने चाचपून बघणार होते, पण निर्जला ओरडली, आजी, ग्रीस लागेल! ग्यानूनेही माझा हात धरला. चष्मा असता तर एका नजरेत काम झालं असतं. चष्मा नसणं आणि सायकल येणं एकाच आठवड्यात. बमबहादूर नुसता चोर नाही, हुशार चोर आहे.

निर्जलाला काही सांगितलं नाही. पोर जिंकली की सांगेन. तेव्हा ऐकायची तयारी असते.

कार्तिक ३, शुक्रवार

निर्जला रोज पहाटे लुब्राच्या वाटेने चढते. आज आली ती नाचतच. म्हणाली, आजी, चेन एकदा पण उडाली नाही. उभं राहून जोर लावला तरी नाही. सायकल नवीन झाली.

नवीन! मी तोंड दुसरीकडे वळवून हसले. तरुण दात आहेत बाळे, नवीन असायला काय झालं? सून जमवून घेते आहे.

ग्यानूपण हसत होती. तिला काय कळलं?

(नीट लिही. "सून" म्हणजे चेन. तू नाही.)

कार्तिक ११, शनिवार. सकाळी सहा

शर्यत. आम्ही झारकोटच्या वळणावर जाऊन उभ्या राहणार. गेल्या वर्षी चेन तिथेच घसरली होती. आज तिथेच सगळ्या जगाला दिसेल.

एक गोष्ट लिहून ठेव. उठल्यापासून एकच वाक्य आठवतं आहे. लोकेंद्र म्हणाला होता, तोंडावर पडेल. तो घाबरवायला म्हणाला असणार. पण त्या वळणाखाली खडक आहेत. समजा, समजा, दात ओळखण्यात माझी पहिल्यांदाच चूक झाली असेल तर? चाळीस वर्षांत झाली नाही. आज का व्हावी?

तरी ग्यानूला म्हटलं, निर्जलाला सांगू का, हळू जा म्हणून? ग्यानू म्हणाली, आई, तुम्ही काळजी करू नका, सायकल चांगली आहे. इतक्या खात्रीने म्हणाली! तिला काय माहीत? पण जीव थोडा भांड्यात पडला.

कार्तिक ११, दुपारी, जीपमध्ये. वारा फार, ग्यानूचं अक्षर हलेल

दुसरी आली!

वळणावर ती उभी राहून पायडल मारत आली. मी डोळे मिटले होते. चेनचा आवाजच नाही. उघडले तर पोर वर. पोखऱ्याच्या एका मुलीची चेन तिथेच उडाली, बिचारी उतरून ढकलत गेली. मला तिची दया आली. लोकेंद्रने विकलेले बोथट दात असणार.

निर्जलाने मला मिठी मारली. घामाने, धुळीने भरलेली. काठमांडू ठरलं. लोकेंद्रही होता तिथे, डोळे पुसत. चोराला पश्चात्ताप झालेला मी पहिल्यांदाच बघितला.

ठराव: उद्या घरी जेवण. सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणार.

कार्तिक १२, रविवार

जेवण झालं.

लिहायचंच असेल तर लिही.

फापराच्या पिठाचा घट्ट ढिडो, मटण, वाळवलेल्या मुळ्याची भाजी. शेजारी झाडून आले, बमबहादूर आला, लोकेंद्रलाही बोलावलं होतं, मुद्दाम. सगळ्यांची पानं निम्मी झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं. कसा हा मेकॅनिक पोरीला म्हाताऱ्या दातांची कॅसेट विकत होता, कसे मी दात बघितले, कसा निरोप बनवला, आणि कशी पोर माझ्या जुन्या, तरुण दातांवर दुसरी आली. लोकेंद्रकडे बघून म्हटलं, बाबा, राग धरू नकोस, पण खेचरवाल्यांना फसवायला अजून शिकावं लागेल.

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मला वाटलं, भारावले.

मी म्हटलं, माझा चष्मा कुणीतरी नेला आहे, तेव्हा बमबहादूर, तुम्हीच सांगा सगळ्यांना. सायकल अंगणात आहे. बमबहादूरने हात धुतले, खाली वाकला, चाक फिरवून बघितलं. बराच वेळ. मग म्हणाला, वहिनी, हे तर बोथट आहेत. आणि पुढचे एक जाड, एक बारीक.

मी म्हटलं, मग झिजले असतील. तसा चढच आहे तो. एका शर्यतीत म्हातारे झाले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारची असावी. लोकेंद्र खाली मान घालून ढिडोकडे बघत होता. जसं काही त्याच्यात चेन पडली आहे.

निर्जला म्हणाली, आजी, हे नवे आहेत. नव्या दातांना वरून सपाटीच असते. झिजले की ते टोकदार होतात. माझे जुने दात टोकदार होते, म्हणून तर चेन उडत होती.

मी म्हटलं, पण मी तर याला सांगितलं होतं. लोकेंद्रने मान वर केली नाही. म्हणाला, आजी, तुम्ही गुरुवारी सांगून गेलात, शुक्रवारी काकू आल्या.

मी ग्यानूकडे बघितलं. ती म्हणाली, कुणाला अजून मटण?

कार्तिक १४, मंगळवार

रोजनिशी बंद करणार होते. दोन दिवस दुसरा लिहिणारा शोधला. शाळामास्तर लिहील, पण सुधारून लिहील. टपरीवाला लिहील आणि जोमसोमपर्यंत वाचून दाखवील. निर्जला म्हणाली, फोनमध्ये बोल, तो आपोआप लिहून घेतो. मग ते जातं कुठे, विचारलं. तिला नीट सांगता आलं नाही. नकोच.

शेवटी पुन्हा ग्यानू. निदान ही कुणाला सांगते, ते तरी आता माहीत आहे.

तिला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस? म्हणाली, आई, तुम्ही म्हणाला होतात, अक्कल घालायची नाही, नुसतं लिहायचं. लिहिलं. मग बाहेर कशी गेलीस सांगायला? तर म्हणाली, माझी पोर तोंडावर पडली असती. माझीही पोर आहे ती.

चष्मा फापराच्या पिठाच्या डब्यात सापडला. तो तिथे कसा गेला, हे मी विचारलं नाही. बमबहादूरला तेवढी सफरचंदं पाठवून दिली, कारण न सांगता.

निर्जला माझ्याजवळ येऊन बसली. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाली, आजी, दात ओळखण्यात चुकलीस, त्याचं काही नाही. पण माझ्या नावाने खोटं बोललीस. मला विचारलं असतंस तर? यावर माझ्याकडे उत्तर होतं. पण वारा सुटला होता, म्हणून दिलं नाही.

उद्या जोमसोमला जाणार. लोकेंद्रकडे. चहा प्यायला. बाकी काही नाही.

कार्तिक १५, बुधवार

गेले. त्याने चहा दिला. मी म्हटलं, तुझी नखं स्वच्छ कशी? म्हणाला, आजी, लिंबू आणि साखर, रोज रात्री बायको घासायला लावते.

मग मी आणखी एक कप घेतला. त्याला कळलं असावं.

जुनी कॅसेट त्याने फडताळावरून काढून समोर ठेवली, शेजारी एक नवी. मी चष्मा लावून बघितलं. दोन्हीकडे बोट फिरवलं. जुन्याचं टोक बोटाला टोचलं. बराच वेळ बघितलं. तो हसला नाही. माणूस वाटतो तितका वाईट नाही. अजून खात्री नाही.

कार्तिक १८, शनिवार. सकाळी

निर्जला परवा काठमांडूला जाणार. सायकल बरोबर नेणार आहे. जाईपर्यंत तिची चेन मोजायचं काम माझ्याकडे, असा तिचा हुकूम. शिक्षा आहे की मान, विचारलं नाही. लोकेंद्रची पट्टी आता माझ्या कमरेला आहे, चाव्यांच्या जुडग्यात.

आज मोजली. एकटीने, चष्मा लावून. टोक आत पडलं नाही. दुसऱ्या कड्यावर धरली. नाही. वीस ठिकाणी धरली, एकही पडलं नाही. चेन चांगली आहे. दात सपाट आहेत, म्हणजे तरुण. हे तोंडाने म्हणायला जड जातं, पण म्हटलं.

मग तसंच बसल्या बसल्या मनात आलं. ग्यानूला आरसा आणायला सांगितला. ओठ खाली ओढून बघितलं. खालचे तीन उरले आहेत. तिन्ही टोकदार.

आरसा ठेवून दे म्हटलं.